मायनर लीग बघताना स्कोअरबोर्ड शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत एडिसनला राहता, मुलगा बारा वर्षांचा, गेल्या उन्हाळ्यापासून दोघं ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्स या बेसबॉल संघाचे सामने बघता. आता न्यूयॉर्क यँकीजची अख्खी फार्म सिस्टीम, म्हणजे त्यांचे खेळाडू घडवणारे खालच्या पातळ्यांवरचे सगळे संघ, एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत नीट फॉलो करायची आहे. पण रोज रात्री चार-पाच संघांचे बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचे तक्ते) उघडले की डोकं गरगरतं, आणि सरासरी ज्याची चांगली तो वर जाणार असं धरलं की अंदाज चुकतो. मग बघायचं काय आणि कशाकडे दुर्लक्ष करायचं?

मायनर लीगचे स्काउटिंग अहवाल मी बरीच वर्षं लिहितोय, त्यामुळे उत्तर लांबेल. अंदाज चुकतो त्याचं मूळ आपल्या क्रिकेटच्या सवयीत आहे. रणजीत मुंबईकडून खेळणाऱ्या पोराला मुंबईला जिंकवायचं असतं. त्याने शतक ठोकलं की संघ जिंकतो, त्याचं नाव होतं आणि निवड समितीही बघते. संघाचा फायदा आणि खेळाडूचा फायदा एकाच रस्त्याने जातात. इथे तसं नाही. ब्रिजवॉटरच्या मैदानावर उभा असलेला प्रत्येक खेळाडू, मॅनेजर, पिचिंग कोच हे सगळे यँकीजच्या पगारावर असतात. सॉमरसेटच्या मालकांकडे स्टेडियम, तिकिटं, मॅस्कॉट आणि शनिवारचे फटाके. कोण कुठल्या जागी खेळेल, कोण किती पिच (म्हणजे चेंडू) टाकेल, कोण आज बाकावर बसेल, हे यँकीज ठरवतात. सामना जिंकला तर बरंच, पण तो जिंकण्यासाठी कुणाला वाकवलं जात नाही. ज्याचा स्लायडर (वेगाने बाजूला वळणारा चेंडू) उत्तम आहे अशा पिचरला सांगतात, आज स्लायडर कमी, चेंजअप (फास्टबॉलसारखा भासणारा हळू चेंडू) वीस वेळा टाक. तो चेंजअप टाकतो, दोन होम रन खातो, बॉक्स स्कोअरमध्ये पाच रन दिसतात. तुम्ही घरी त्याच्या नावावर काट मारता, आणि तिकडे कोच खूष असतो, कारण वीसपैकी बारा चेंजअप हव्या तिथे पडले.

म्हणून माझा सगळा हिशेब एका प्रश्नाभोवती फिरतो: या पोराला सध्या काय शिकायला सांगितलंय, आणि ते जमतंय का? आकडे त्या उत्तराचा पुरावा म्हणून वापरायचे. आणि हा प्रश्न एप्रिलमध्ये, जूनमध्ये आणि ऑगस्टमध्ये वेगवेगळ्या तऱ्हेने विचारायचा.

आधी शिडी, पटकन. २०२१ मध्ये मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे सर्वोच्च लीगने, सगळी मायनर लीग नव्याने बांधली. मेजर लीगच्या तीस क्लबांना प्रत्येकी चार पूर्ण हंगामाचे संघ, म्हणजे एकूण १२०. यँकीजच्या बाबतीत खालून वर: टॅम्पा टार्पन्स (सिंगल-ए), हडसन व्हॅली रेनेगेड्स (हाय-ए), सॉमरसेट (डबल-ए), स्क्रँटन/विल्क्स-बॅरी रेलरायडर्स (ट्रिपल-ए). त्याखाली फ्लोरिडातली कॉम्प्लेक्स लीग आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली लीग, जिथे सोळा-सतरा वर्षांची मुलं असतात. सॉमरसेट २०२० पर्यंत कुठल्याच क्लबाचा संघ नव्हता. ते स्वतंत्र अटलांटिक लीगमध्ये खेळायचे, आणि यँकीजचा डबल-ए संघ ट्रेंटनला होता. न्यू जर्सीत राहणाऱ्याचं नशीब असं की वरचे तीन संघ गाडीने गाठता येतात. स्क्रँटनचं मैदान मूझिकला, हडसन व्हॅलीचं वॉपिंगर्स फॉल्सला, दोन्ही साधारण दोन तासांवर. असं फार थोड्या क्लबांच्या चाहत्यांना मिळतं. सीॲटलचा चाहता आपल्या डबल-ए संघासाठी आर्कान्सॉला जात नाही.

आता यादी. शंभर नावांच्या मागे लागू नका. दहा-बारा पुरे, पण ती सगळी ‘टॉप प्रॉस्पेक्ट’ (सर्वांत आशादायक नवोदित) यादीतून उचलू नका. एमएलबी पाइपलाइन, बेसबॉल अमेरिका, फॅनग्राफ्स या तिघांच्या याद्या वाचा जरूर, त्यातले २० ते ८० च्या मापाने दिलेले गुण समजून घ्या. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, ६० म्हणजे ठळकपणे चांगला, ७० क्वचित. मात्र हे गुण खेळाडू पुढे कुठे पोहोचेल याचे असतात, आज कुठे आहे याचे नव्हेत. नवखे वाचक इथेच गोंधळतात. मी यादी अशी करतो: ड्राफ्टच्या (क्लब फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीतले दोन-तीन, लॅटिन अमेरिकेतून मोठ्या रकमेवर घेतलेला एखादा, तीच पातळी दुसऱ्यांदा खेळणारा एक, आणि उरलेली निम्मी जागा उशिराच्या फेऱ्यांतल्या, विशेषतः कॉलेजमधून आलेल्या खेळाडूंना.

शेवटचा गट का, ते यँकीजच्याच इतिहासात दिसतं. बेन राइस २०२१ च्या ड्राफ्टमध्ये बाराव्या फेरीत, ३६३ वा. डार्टमथचा मुलगा, आणि कोविडमुळे आयव्ही लीगचे हंगाम रद्द झालेले, त्यामुळे त्याला कुणी धड बघितलेलंच नव्हतं. २०२३ मध्ये सॉमरसेटला त्याने ४८ सामन्यांत १६ होम रन मारले. पुढच्या जुलैत बॉस्टन रेड सॉक्सविरुद्ध एकाच सामन्यात तीन होम रन मारणारा तो यँकीजचा पहिला रूकी (पहिल्या हंगामातला खेळाडू) ठरला. कॅम श्लिटलर २०२२ ची सातवी फेरी. विल वॉरन २०२१ ची आठवी. पहिल्या फेरीच्या खेळाडूवर सगळ्यांचं लक्ष असतंच. तुमच्या मुलाला ‘मी याला आधी ओळखलं’ म्हणायची संधी सातव्या-आठव्या फेरीत आहे.

एप्रिल. या महिन्यात बॅटिंग सरासरी (किती वेळा बॅटिंग करून किती वेळा हिट मारला ते प्रमाण) बघूच नका. ईशान्येच्या थंडीत बोटं बधिर होतात, चेंडू लांब जात नाही, आणि महिन्याभरात बॅटरच्या वाट्याला जेमतेम ऐंशी-नव्वद खेपा (बॅटिंगच्या पाळ्या) येतात. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. अँथनी व्होल्पे याचं ठळक उदाहरण. तो तर आपल्या इथलाच, सॉमरसेट काउंटीतल्या वॉचंगमध्ये वाढलेला, मॉरिसटाउनच्या डेलबार्टन शाळेतून २०१९ मध्ये तिसाव्या क्रमांकावर घेतलेला. २०२१ मध्ये टॅम्पा आणि हडसन व्हॅलीत मिळून २७ होम रन मारून तो २०२२ च्या एप्रिलमध्ये ब्रिजवॉटरला आला तेव्हा स्टेडियम त्याच्यासाठी भरायचं, आणि सरासरी होती ०.२०० च्या आसपास. लोक म्हणाले, संपलं. पण तो स्ट्राइक झोनबाहेरच्या (बॅटरने सोडून द्यावेत अशा) चेंडूंच्या मागे लागत नव्हता आणि बेसवर पोहोचला की चोरी (पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसकडे धाव) करत होता. हंगाम संपला तेव्हा खाती २१ होम रन, ५० चोऱ्या, आणि पुढच्या वर्षी पहिल्याच सामन्याला तो यँकीजचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक).

मग एप्रिलमध्ये बघायचं काय? कोण कुठल्या संघात सुरुवात करतो, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते मार्चच्या कॅम्पमध्ये क्लबाने काढलेलं मत असतं. दुसरं, कोण नव्या जागी खेळतोय. शॉर्टस्टॉपचा खेळाडू आठवड्यातून दोनदा सेंटर फील्डला दिसला, तर समजा की वर त्याच्यासाठी एक जागा शोधली जातेय. तिसरं, पिचरचा वेग गेल्या वर्षीपेक्षा वाढला का. बाकी सगळं महिनाभर थांबू शकतं.

मे आणि जून हे खरे वाचनाचे महिने. आता स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि वॉक (चार बॉल पडले की मिळणारा फुकट पहिला बेस) यांच्या टक्केवारीला अर्थ येतो. सरासरीत क्षेत्ररक्षक, वारा, नशीब हे सगळं मिसळलेलं असतं, म्हणून तिला स्थिरावायला अख्खा हंगाम लागतो आणि कधी तेवढंही पुरत नाही. स्ट्राइकआउट आणि वॉक हे बॅटर आणि पिचर या दोघांतच घडतं, म्हणून लवकर खरं बोलतं. डबल-एमध्ये एकूण खेपांच्या पंचवीस टक्क्यांच्या खाली स्ट्राइकआउट असेल तर मी निश्चिंत असतो. तीसच्या वर गेलं की त्याची ताकद किती मोठी आहे ते विचारतो.

त्याच्याच शेजारी वय लिहून ठेवा. डबल-एमधला सरासरी खेळाडू साधारण चोवीसचा. जॉर्ज लोम्बार्ड ज्युनियर २०२३ ची पहिली फेरी, २०२५ मध्ये हडसन व्हॅलीला सुरुवातीचे २४ सामने ०.३२९ ने खेळला आणि वीस पूर्ण व्हायच्या आत ब्रिजवॉटरला आला. तिथे उरलेला हंगाम ०.२१५. नुसता हा आकडा बघणाऱ्याला तो अपयशी वाटेल. पण त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या पिचरांविरुद्ध तो वॉक भरपूर मिळवत होता, म्हणजे चेंडू ओळखत होता, आणि शॉर्टस्टॉपला त्याचे हात-पाय कधीच मंदावले नाहीत. डबल-ए ही शिडीतली सगळ्यात अवघड पायरी मानतात, ती यासाठी की इथे पहिल्यांदा असे पिचर भेटतात जे बॉल-स्ट्राइकच्या मोजणीत मागे पडले असतानाही कर्व्हबॉल (वळून खाली पडणारा चेंडू) स्ट्राइक टाकतात. खालच्या पातळीवर फास्टबॉलची वाट बघून जगता येतं, इथे नाही. वीस वर्षांचा मुलगा इथे अडखळला तर तो शिकतोय. पंचवीसचा, दुसऱ्यांदा याच पातळीवर आलेला मुलगा ०.३१० मारत असेल तर मी टाळ्या वाजवीन, पण यादीत त्याला वर चढवणार नाही.

स्पेन्सर जोन्सवरून या भागातल्या प्रत्येक बार्बेक्यूत वाद होतो, म्हणून त्याच्याबद्दल जरा जास्त लिहितो. साडेसहा फुटांहून उंच, वँडरबिल्टचा, २०२२ चा पंचविसावा. २०२४ मध्ये सॉमरसेटला २०० स्ट्राइकआउट. २०२५ मध्ये सॉमरसेटला ४९ सामन्यांत १६ होम रन, मग स्क्रँटनला ६७ सामन्यांत १९, एकूण ३५. त्याचे चाहते यँकीजच्या ॲरन जजचं नाव घेतात: जजसुद्धा २०१६ मध्ये वर आला तेव्हा ९५ खेपांत ४२ वेळा स्ट्राइकआउट झाला होता, आणि पुढच्याच वर्षी त्याने ५२ होम रन मारले. खरं आहे. पण त्या ४२ च्या आधी, ट्रिपल-एमध्ये, जजचं प्रमाण साधारण चौथ्या हिश्श्याइतकं होतं. जोन्सचं ३५ होम रनच्या वर्षातसुद्धा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त होतं. मेजर लीगमध्ये हे प्रमाण वाढतं, कमी होत नाही. म्हणून माझं मत: त्याची ताकद खरी, धाव खरी, सेंटर फील्डही खरं, आणि धोका तेवढाच खरा. अशा खेळाडूच्या बाबतीत मी होम रन मोजत नाही. झोनच्या आत पडलेला फास्टबॉल त्याने किती वेळा चुकवला, तेवढंच मोजतो. झोनबाहेरच्या चेंडूवर फसणारा सुधारू शकतो. मधोमध आलेला चुकवणारा सहसा सुधारत नाही.

पिचरांसाठी वेगळा चष्मा. २०२१ पासून मायनर लीगमध्ये एकाच मैदानावर सहा-सहा सामन्यांची मालिका असते, मंगळवार ते रविवार, सोमवारी सुट्टी. त्यामुळे मंगळवारी सुरुवात करणारा पिचर कधीकधी रविवारी पुन्हा त्याच नऊ बॅटरांसमोर उभा राहतो. हा आयता प्रयोग आहे आणि फार थोडे लोक तो बघतात. मंगळवारी ज्या पिचवर बॅटर फसले, त्यावर ते रविवारीही फसतात का? पिचरने क्रम बदलला का? फक्त फास्टबॉलवर जगणारा पिचर रविवारी उघडा पडतो. तुम्हाला वर्षात मोजक्याच वेळा जायचं असेल तर एखाद्या मालिकेचा मंगळवार आणि रविवार मिळून घ्या. मंगळवारी गर्दी कमी असते आणि पुढे बसायला मिळतं, हा वरचा फायदा.

पिचरच्या बॉक्स स्कोअरमध्ये मी आधी पिचची संख्या आणि त्यातले स्ट्राइक बघतो, मग स्ट्राइकआउट आणि वॉक, आणि रन सगळ्यात शेवटी. साठ पिचनंतर कुणी बाहेर गेला तर लगेच दुखापत समजू नका, क्लब वर्षाच्या इनिंग्ज मोजून वाटतो. आणि स्ट्राइकआउटच्या आकड्यालाही जाब विचारा. ड्रू थॉर्पने २०२३ मध्ये हडसन व्हॅली आणि सॉमरसेट मिळून १८२ स्ट्राइकआउट घेतले, अख्ख्या मायनर लीगमध्ये सर्वाधिक. पण त्याचा फास्टबॉल मेजर लीगच्या मानाने हळू होता आणि सगळी जादू चेंजअपमध्ये. श्लिटलरच्या बाबतीत उलट. दरवर्षी त्याचा वेग वाढत होता, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तो ब्रिजवॉटरला होता तेव्हाच बोर्डावरचे आकडे सांगत होते की हा आता पूर्वीचा मुलगा राहिलेला नाही. जूनमध्ये स्क्रँटन, ९ जुलैला यँकीजकडून पदार्पण, आणि २ ऑक्टोबरला वाइल्ड कार्डच्या (प्लेऑफच्या पहिल्या फेरीच्या) तिसऱ्या सामन्यात रेड सॉक्सविरुद्ध आठ इनिंग, बारा स्ट्राइकआउट, एकही वॉक नाही, एकही रन नाही. बॉस्टनजवळच्या वॉलपोलचा पोरगा, हे विशेष. वाढलेला वेग हा मायनर लीगमधला सगळ्यात प्रामाणिक संकेत, असं माझं ठाम मत आहे. त्याला नशिबाची भेसळ लागत नाही.

आता डेटाचं. बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर ट्रिपल-ए आणि टॅम्पा ज्यात खेळतो ती फ्लोरिडा स्टेट लीग, या दोन्हींचा पिच-पिचचा डेटा सर्वांसाठी खुला आहे: वेग, स्पिन, बॅटवरून चेंडू किती जोराने सुटला, सगळं. डबल-एचा नाही. म्हणजे स्क्रँटनचा खेळाडू घरबसल्या तपासता येतो, पण ब्रिजवॉटरला तुमचे डोळेच कामाचे. त्यात एक खोच: ट्रिपल-एमध्ये २०२३ पासून बॉल-स्ट्राइक ठरवणारी यंत्रणा सगळ्या मैदानांवर आहे, आधी काही सामने पूर्ण तिच्यावर आणि काही चॅलेंज पद्धतीने (खेळाडूने अंपायरला आव्हान दिलं तरच), नंतर फक्त चॅलेंज. त्यामुळे तिथले वॉकचे आकडे डबल-एच्या आकड्यांशी सरळ जुळवू नका. तसंच टॅम्पाचे बॅटर दमट हवेत, स्प्रिंग ट्रेनिंगच्या मोठ्या मैदानांवर खेळतात. तिथले बारा होम रन इतर ठिकाणच्या बारापेक्षा जड. उलट ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये आल्बुकर्की, रीनोसारख्या उंचावरच्या मैदानांवर चेंडू उडतो. दुसऱ्या क्लबाच्या प्रॉस्पेक्टशी तुलना कराल तेव्हा हे विसरू नका.

मैदानात बसायचं कुठे? होम प्लेटच्या मागे जागा मिळाली तर प्रश्नच नाही, पिचची हालचाल तिथूनच कळते. उजव्या हाताचा बॅटर अभ्यासायचा असेल तर पहिल्या बेसच्या बाजूला बसा, त्याची छाती, हात, कंबर समोर दिसते. उजव्या हाताचा पिचर बघायचा तर तिसऱ्या बेसच्या बाजूला. डावखुऱ्यांचं उलट. मुलाच्या हातात फोनचं स्टॉपवॉच द्या. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू लागल्यापासून दुसऱ्या बेसवर पोहोचेपर्यंत दोन सेकंद म्हणजे ठीक, १.९ म्हणजे उत्तम. बॅटला चेंडू लागल्यापासून पहिल्या बेसपर्यंत उजवा बॅटर साधारण ४.३ सेकंदांत पोहोचतो, चारच्या जवळ असेल तर तो खरंच पळतो. बारा वर्षांच्या मुलाला सामना तीन तास धरून ठेवायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. गाडी नको असेल तर रॅरिटन व्हॅली लाइनचं ब्रिजवॉटर स्टेशन स्टेडियमला लागूनच आहे. खाण्याचं मात्र शाकाहारी माणसाने घरून जेवून निघावं.

हे सगळं बघताना एक गोष्ट मुलालाही सांगा. २०२३ च्या करारापर्यंत डबल-ए खेळाडूचा किमान पगार वर्षाला १३,८०० डॉलर होता. त्या करारात तो ३०,२५० झाला. ड्राफ्टच्या वेळी कोटींत खेळणारे दोघं-तिघं सोडले तर उरलेली मुलं एवढ्यावर खेळतात.

जुलैत सगळं ढवळून निघतं. नवा ड्राफ्ट होतो, वीस फेऱ्यांचा. खालून मुलं वर ढकलली जातात, आणि महिन्याच्या अखेरीच्या सुमारास ट्रेड डेडलाइन, म्हणजे क्लबांनी खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची तारीख. यँकीजच्या फार्मकडे बघणाऱ्याने मनाची तयारी ठेवावी: आपल्या यादीतला एकतरी खेळाडू ऑगस्टमध्ये दुसऱ्या रंगात दिसणार. डेव्हिड बेडनारसाठी २०२५ मध्ये पिट्सबर्गला गेलेला कॅचर रफाएल फ्लोरेस ड्राफ्टसुद्धा झाला नव्हता. म्हणजे क्लबाने शून्यातून किंमत उभी केली आणि ती मोडून अनुभवी क्लोजर (सामन्याची शेवटची इनिंग टाकणारा पिचर) घेतला. हा फार्मचा अपव्यय नाही, फार्मचा अर्धा उद्देशच तो. म्हणून दुसऱ्या क्लबाने कुणाला मागितलं ते टिपून ठेवा. त्यांचे स्काउट महिनाभर सॉमरसेटच्या मागे फिरून आलेले असतात, आणि त्यांचं मत कुठल्याही यादीपेक्षा ताजं असतं. सामन्याच्या मधेच कुणाला विनाकारण बाहेर काढलं आणि डगआउटमध्ये सगळे त्याला मिठ्या मारू लागले, तर फोन काढा, बातमी पाच मिनिटांत येईल.

ऑगस्टमध्ये थकवा. डबल-एचा हंगाम १३८ सामन्यांचा, आणि कॉलेजमधून आलेल्या मुलाने आयुष्यात इतकं कधी खेळलेलं नसतं. वेग एखाद-दोन मैलांनी उतरतो, बॅट जड होते. पहिल्या पूर्ण वर्षात हे माफ. ‘डेव्हलपमेंट लिस्ट’ हे शब्द दिसले तर घाबरू नका, दुखापत नसताना खेळाडूला काही दिवस बाजूला घेऊन त्याच्यावर काम करायची ती सोय आहे.

अशी माघार किती कामाची असते ते एका दुसऱ्या क्लबाच्या मुलाकडून कळतं, आणि तुमच्या मुलाला तो जवळचाही वाटेल. अर्जुन निम्माला, आई-वडील भारतातून फ्लोरिडात आलेले, २०२३ च्या ड्राफ्टमध्ये टोरोंटो ब्लू जेजने विसाव्या क्रमांकावर घेतलेला शॉर्टस्टॉप. २०२४ मध्ये अठराव्या वर्षी त्यांच्या सिंगल-ए संघात, डनीडनला, इतका अडखळला की क्लबाने त्याला सामन्यांतून काढून काही आठवडे कॉम्प्लेक्सवर नेलं. परतल्यावर त्याचे होम रन सुरू झाले. ब्लू जेजचा डबल-ए संघ न्यू हॅम्पशायर, आणि तो सॉमरसेटच्याच लीगमध्ये, त्यामुळे त्या संघाची मालिका वेळापत्रकात शोधून ठेवा. भारतीयांची मायनर लीगमधली सुरुवात २००८ मधली, टीव्हीवरच्या पिचिंग स्पर्धेतून पिट्सबर्गने घेतलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांची. दोघेही भालाफेक करणारे, आयुष्यात बेसबॉल न खेळलेले. रिंकू सिंगल-एपर्यंत पोहोचला. निम्मालाचं प्रकरण अगदी वेगळं: तो लहानपणापासून याच खेळात वाढलेला, स्वतःच्या हिमतीवर पहिल्या फेरीत निवडलेला.

सप्टेंबरमध्ये प्लेऑफ असतात, आणि निकाल महत्त्वाचा नाही असं इतका वेळ सांगूनही मी ते सोडत नाही. २०२२ मध्ये सॉमरसेटने ईस्टर्न लीग जिंकली तो शेवटचा सामना १५-० होता, वर नो-हिटर (समोरच्या संघाला एकही हिट नाही): रँडी व्हास्केझच्या आठ इनिंग आणि नववी कार्सन कोलमनची. सोळाव्या वर्षी ५१ लाख डॉलरवर करार झालेल्या हासोन डोमिंगेझनेही त्या रात्री होम रन मारले. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये व्हास्केझ आणि थॉर्प दोघेही हुआन सोटोच्या बदल्यात सॅन डिएगोला गेले.

तुमचा हंगाम मात्र सप्टेंबरमध्ये संपवू नका, नोव्हेंबरपर्यंत ठेवा. अठरा किंवा त्याहून कमी वयात करार झालेल्या खेळाडूला पाच हंगामांनंतर, एकोणीस किंवा त्याहून मोठ्याला चार हंगामांनंतर क्लबाने चाळीस जणांच्या रोस्टरवर (मेजर लीगच्या राखीव यादीवर) घ्यावं लागतं. नाही घेतलं तर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये कुणीही त्याला एक लाख डॉलर भरून उचलू शकतं, फक्त पुढचं वर्षभर मेजर लीगच्या संघात ठेवायची अट. २०२० मध्ये यँकीजने गॅरेट व्हिटलॉकला असंच उघडं ठेवलं. अठराव्या फेरीचा, कोपराच्या शस्त्रक्रियेतून नुकताच उठलेला पिचर, कोण घेणार म्हणून. रेड सॉक्सने घेतलं. २०२१ मध्ये त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खाती पडणारे रन) १.९६, आणि ऑक्टोबरमध्ये यँकीजना बाहेर काढणाऱ्या वाइल्ड कार्ड सामन्याची शेवटची इनिंग त्यानेच टाकली.

नोव्हेंबरच्या त्या दिवशी क्लब शब्दांऐवजी जागा देऊन बोलतो: कोणाला चाळीसात घेतलं, कोणाला नाही. तुमची दहा-बारा नावं त्या यादीशी ताडून बघा. ज्याच्याबद्दल क्लबाचं आणि तुमचं मत जुळलं नाही अशी दोन-तीन नावं एप्रिलच्या नव्या यादीत पहिली लिहा, आणि सॉमरसेटच्या पहिल्या घरच्या मालिकेचं मंगळवारचं तिकीट काढा.